आधी शिक्षकाने स्वतःला ऐकावे

फेब्रुवारी जवळ आला की सीमाभागातल्या मराठी शाळांत आणि वाचनालयांत बैठकांची गडबड सुरू होते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन साजरा करायचा असतो. ग्रंथदिंडी, निबंध स्पर्धा, पाहुण्यांचे भाषण असा कार्यक्रम ठरतो. आमच्या समितीच्या अशाच एका बैठकीत एका उत्साही सदस्यांनी सूचना मांडली की, मराठी शाळा टिकवायच्या असतील तर त्यांना आधुनिक केले पाहिजे, त्यासाठी वर्गणी काढून शाळेला दोन संगणक घेऊन द्यावेत. सूचनेला सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "आधीचे दोन कपाटात आहेत. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, एवढं आधी विचारा."

हशा पिकला आणि विषय तिथेच राहिला. आमच्या मनातून मात्र गुरुजींचे वाक्य गेले नाही. गेली कित्येक वर्षे आपण शाळेला यंत्रे देत आलो आहोत. रेडिओ दिला, टेपरेकॉर्डर दिला, दूरदर्शन संच दिला, संगणक दिला. प्रत्येक यंत्र वाजतगाजत आले, त्याला हार घातला गेला आणि काही महिन्यांनी ते फुलाफुलांच्या कापडाखाली झाकले गेले. असे का होते, आणि भाषा शिकण्या-शिकवण्यासाठी यंत्राचा खरा उपयोग कोणता, याविषयी गेल्या काही वर्षांत आम्ही चार शाळांतल्या शिक्षकांनी मिळून जे करून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख आहे.

यंत्र बोलते, मूल ऐकते

या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातूनच गेलेला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारत सरकारने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' नावाचा दूरदर्शन प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवले गेले. कर्नाटकातून विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे निवडले होते. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम असे, संध्याकाळी गावासाठी. सुट्टीच्या काळात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षणही त्यावरून दिले गेले. त्या काळाच्या मानाने हे काम फार मोठे होते.

पण भाषेच्या दृष्टीने त्या प्रयोगाला आणि त्यानंतरच्या बहुतेक प्रयोगांना एक मर्यादा होती. यंत्र बोलत असे आणि मूल ऐकत असे. मूल काय बोलले, कुठे अडखळले, हे यंत्राला कळण्याची सोय नव्हती. भाषा मात्र नुसती ऐकून येत नाही. पोहणे पाहून पोहता येत नाही, तसेच आहे.

उलट दिशेने काम करणारे एक यंत्रही त्याच काळात होते, पण ते मोजक्या ठिकाणी. म्हैसूरला १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि त्याची प्रादेशिक केंद्रे निघाली. पुण्याच्या केंद्रात परप्रांतातल्या सेवेतील शिक्षकांना मराठी, गुजराती, सिंधी या भाषा शिकवल्या जात. तिथल्या भाषा प्रयोगशाळेत शिकणारा कानाला यंत्र लावून वाक्य ऐकतो, तेच स्वतः म्हणतो, आपला आवाज पुन्हा ऐकतो आणि मूळ आवाजाशी ताडून पाहतो. चूक दाखवायला दुसरे कुणी लागत नाही, स्वतःचा कानच ती दाखवतो. अशी प्रयोगशाळा खेड्यातल्या शाळेला कधी मिळणार नव्हती. परंतु आज ती जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. साध्यातल्या साध्या स्मार्टफोनमध्ये आवाज मुद्रित करण्याची सोय असते. तिचा उपयोग आपण कोणत्या कामासाठी करतो, एवढाच प्रश्न आहे.

आपला नसलेला पाठ

२०२० साली महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्हालाही फोनचा आधार घ्यावा लागला. त्या जुलैत महाराष्ट्रात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलिमिली' ही मालिका सुरू झाली. आमच्यापैकी काहींनी मुलांना ती बघायला सांगितली. लगेच पालकांची तक्रार आली की, हे धडे आपल्या पुस्तकात नाहीत. तक्रार खरीच होती. ती मालिका बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली, आणि आमच्या मुलांच्या हातात कर्नाटकातली मराठी पुस्तके. सीमेवरच्या शाळेची ही नेहमीची अडचण आहे. भाषा एका राज्यात वाढते आणि अभ्यासक्रम दुसऱ्या राज्यात ठरतो.

पण काही आठवड्यांनी एक गोष्ट लक्षात आली. जी मुले ते 'आपले नसलेले' धडे नियमाने ऐकत होती, त्यांच्या बोलण्यात नवे शब्द येऊ लागले होते. परीक्षेला धडा नाही म्हटल्यावर ती निवांत ऐकत होती. तेव्हा आम्हाला कळले की, पाठ जुळत नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे वाचता येतात. पाठ्यपुस्तक परीक्षेसाठी लागते, भाषेसाठी त्याच्या बाहेरचे पुष्कळ लागते, आणि ते आता पुण्या-मुंबईच्या मुलाइतकेच खानापूरच्या मुलाला जवळ आहे.

लिपी सांगत नाही ते

यानंतरचा धडा आम्हाला एका सहकारी शिक्षिकेने दिला. या बाई आमच्या गटातल्या एका शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून आल्या. घरची भाषा मराठी, पण शिक्षण सारे कन्नड माध्यमातून झालेले. मराठी शिकवायला शिक्षक नाहीत म्हणून त्यांच्याकडे मराठीचा वर्ग आला. महिन्याभराने त्या आम्हाला म्हणाल्या, "सर, बोलायला काही वाटत नाही, पण पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचताना भीती वाटते. पोरं ऐकत असतात."

भीती कशाची, हे त्यांनी नेमके सांगितले. मराठीत च आणि ज यांचे उच्चार दोन प्रकारचे आहेत. 'जग' म्हणजे दुनिया असेल तर ज वेगळा, आणि 'तू जग' असे म्हटले तर ज वेगळा. 'चार' या संख्येतला च आणि 'चारा' मधला च एक नाही. लिहिताना अक्षर मात्र एकच. घरात रोज वापरायच्या शब्दांचे उच्चार आपोआप येतात, पण 'जटिल' किंवा 'चरण' असा पुस्तकी शब्द आला की पंचाईत होते. लिपीकडे बघून ते कळत नाही, शब्दकोशात अर्थ मिळतो पण आवाज मिळत नाही. तो कानानेच शिकावा लागतो.

कन्नड शिकणाऱ्या आमच्या मुलांची अडचण याच जातीची आहे. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे दोन-दोन आहेत. ऱ्हस्व ओ घेऊन 'कोडु' म्हटले तर अर्थ 'दे', आणि दीर्घ ओ घेऊन म्हटले तर अर्थ 'शिंग'. कन्नड लिपीत हा फरक स्पष्ट दिसतो. आमचे मूल मात्र कन्नड शब्द देवनागरीत लिहून पाठ करते, आणि तिथे दोन्ही शब्द सारखेच होतात. मग दुकानात 'दे' म्हणायचे तिथे ते शिंग मागते. मूल मठ्ठ नसते, त्याच्या कानाला सराव मिळालेला नसतो.

या बाईंसाठी आम्ही जी पद्धत ठरवली, तीच पुढे मुलांसाठी वापरली. ती अशी. आमच्यातल्या एका चांगल्या वाचणाऱ्या शिक्षकांनी धड्याचा एक परिच्छेद फोनमध्ये मुद्रित करून पाठवायचा. शिकणाऱ्याने तो आधी पुस्तक न उघडता ऐकायचा. मग पुस्तक समोर ठेवून ऐकायचा. तिसऱ्या खेपेस त्या आवाजाबरोबर वाचायचे. चौथ्या खेपेस एकट्याने वाचून आपला आवाज मुद्रित करायचा. शेवटी दोन्ही आवाज एकामागून एक ऐकायचे आणि जिथे फरक वाटला अशा तीन जागांवर पेन्सिलने खूण करायची. तीनच. त्यानंतर हवे तर दुसऱ्याला विचारायचे.

बाईंनी हे रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे केले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी आम्हाला फोन करून सांगितले की, आता त्या वर्गात धडा पाहून वाचत नाहीत, मुलांकडे पाहून वाचतात. आमच्या मते शिक्षक प्रशिक्षण याहून वेगळे नसते. कुणी हजेरी घेतली नाही, प्रमाणपत्र दिले नाही. शिकणाऱ्याला आपली गरज कळली होती आणि गती तिच्या हातात होती.

घरची बोली आणि यंत्राची मराठी

मुलांच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळावे लागले. मूळ आवाज आणि आपला आवाज ताडून पाहायचे म्हटले की, मूल घरच्या बोलीला चूक समजू लागते. आमच्या भागातल्या बोलीत कन्नडचे हेल आहेत, शब्द आहेत, कोकणीची शेजारीण म्हणून ओळख आहे. तिला चूक ठरवले तर मूल शाळेत तोंड उघडणेच बंद करते.

इथे एका यंत्रानेच मदत केली. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने बोलून टंकलेखन करण्याची सोय मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांत आणली. वर्गात आम्ही मुलांना एकेक वाक्य फोनला सांगायला लावतो आणि फोन काय लिहितो ते फळ्यावर उतरवतो. पुस्तकी वाक्य तो बरोबर लिहितो, आजीच्या बोलीतले वाक्य आले की काहीतरी भलतेच उमटते. मुले खदखदून हसतात. मग आम्ही विचारतो, चूक कुणाची? आजीची की फोनची? चर्चा रंगते आणि मुलांना आपोआप कळते की, यंत्राला शिकवलेली मराठी एक आहे आणि आपल्या घरात दुसरीही आहे. दोन्ही आपल्याच. पत्र कोणत्या मराठीत लिहायचे आणि आजीशी कोणत्या मराठीत बोलायचे, हे कळणे हेच भाषेचे शिक्षण.

याच ओघात शब्द शोधण्याची गोडी लागली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी विश्वकोशाचे खंड महाजालावर आहेत. कन्नडसाठी व्ही. कृष्ण या गृहस्थांनी कित्येक दशके खपून तयार केलेला कन्नड-इंग्रजी कोश २०१९ पासून 'अलर' या नावाने सर्वांना खुला आहे. आम्ही आठवड्याला एक काम देतो. घरातला एक शब्द आणा, तो मराठी कोशात आहे का बघा, कन्नड कोशात आहे का बघा. 'तूप' आणि कन्नड 'तुप्प', दोन्हीकडचे 'अक्का' आणि 'अण्णा' अशा जोड्या मुलांनी वहीत लिहिल्या. सीमेवरच्या भाषावादाच्या बातम्या ऐकत वाढलेल्या मुलांनी दोन भाषांचे नाते स्वतः शोधून काढले, याचे आम्हाला फार समाधान आहे.

लिहिण्याविषयीही एक गोष्ट शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावी. इनस्क्रिप्ट हा कळफलक भारतीय लिप्यांसाठी एकाच आराखड्यावर बेतलेला आहे. ज्या कळीवर देवनागरी क आहे, त्याच कळीवर कन्नड क आहे. आपल्या भागातल्या शिक्षकाला एका सरावात दोन लिप्यांचे टंकलेखन येऊ शकते. कार्यालयीन पत्रे कन्नडमध्ये आणि प्रश्नपत्रिका मराठीत काढावी लागणाऱ्याला यापेक्षा उपयोगी काय असेल?

शिक्षकाची परीक्षा

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. मुलांचे आवाज मुद्रित करून झाल्यावर आम्ही ठरवले की, आपलाही तास एकदा मुद्रित करावा. फोन टेबलावर ठेवला, कापडाने झाकला आणि नेहमीसारखे शिकवले. रात्री तो तास ऐकला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर अर्ध्यावर बंद केला. पूर्ण तासभर आम्हीच बोलत होतो. प्रश्न विचारला की उत्तरही आम्हीच देत होतो. मुलांची पूर्ण वाक्ये बोटांवर मोजण्याइतकी होती. पंचवीसेक वर्षे मराठी शिकवल्यावर हे कानांनी ऐकणे सुखाचे नव्हते.

बी.एड.ला असताना आम्ही सूक्ष्म अध्यापन केले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघालेली ही पद्धत भारतात रुजली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९७० च्या दशकात तिच्यावर काम झाले. एक छोटे कौशल्य घ्यायचे, पाच-सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, तो तपासायचा, सुधारून पुन्हा घ्यायचा. मूळ पद्धतीत पाठाचे मुद्रण करून तो शिक्षकाला दाखवत. आमच्या वेळी यंत्र नव्हते, मागे बसलेला मित्र तक्त्यावर खुणा करायचा आणि मित्र असल्यामुळे चांगल्याच खुणा करायचा. पदवी मिळाली आणि सूक्ष्म पाठ तिथेच संपला. फोन मात्र मित्रासारखी भीड धरत नाही.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांब होतात, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. आम्ही हेच एक कौशल्य धरले. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजायचे. ऐकायला सोपे वाटते, पण वर्गातली ती शांतता शिक्षकाला खायला उठते. दुसऱ्या-तिसऱ्या मुद्रणात फरक दिसला. ज्या मुलाचा आवाज आम्ही त्या वर्षी वर्गात ऐकलाच नव्हता, त्याने एक पूर्ण वाक्य बोललेले त्या मुद्रणात आहे. ते आम्ही अजून पुसलेले नाही.

यातून चार शाळांच्या शिक्षकांचा गट झाला. व्हॉट्सअॅपवर आहे, पण त्याचे नियम कडक आहेत. सुप्रभात नाही, सुविचार नाही, वर्तमानपत्राची कात्रणे नाहीत. पंधरवड्यातून एकाने आपल्या तासाची पाच मिनिटे पाठवायची, बाकीच्यांनी ऐकून दोनच गोष्टी लिहायच्या. एक आवडलेली, एक विचारावीशी वाटलेली. एकशिक्षकी शाळेत काम करणाऱ्याला आपल्या विषयावर बोलायला दुसरा माणूस नसतो. वर्षातून एकदा होणाऱ्या प्रशिक्षणात मराठी शाळांचे प्रश्न क्वचितच निघतात. अशा शिक्षकाला या गटाने सोबत दिली.

काही सावधगिरी

हे सारे गुणगान करताना अडचणी लपवून चालणार नाही. पुष्कळ घरांत फोन एकच असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री घरी येतो. त्यामुळे फोनवरचा गृहपाठ सक्तीचा करू नये, सराव शाळेतच करून घ्यावा. रेंज नसलेल्या गावांसाठी मुद्रणे आधी उतरवून ठेवावीत. मुलाचा आवाज पालकांना विचारूनच मुद्रित करावा, आणि तो कधीही दुसऱ्या गटात पुढे पाठवू नये. एका मुलाचे अडखळते वाचन गावभर फिरले तर ते मूल पुन्हा वाचणार नाही.

आणि आता नवे यंत्र आले आहे, जे सांगितल्याबरोबर निबंध लिहून देते. आठवीच्या एका मुलाने 'माझे गाव' या विषयावर एकही चूक नसलेला निबंध आणला. त्यात झुळझुळ वाहणारी नदी होती. त्याच्या गावाला नदी नाही. आम्ही रागावलो नाही. त्याला म्हटले, "वही मीट, उभा राहा आणि तुझ्या गावची वाट सांग." तो गावच्या थांब्यापासून घरापर्यंतची वाट सांगू लागला, आम्ही ती मुद्रित केली, आणि मग आपलाच आवाज ऐकत त्याने ती लिहून काढली. त्यात सहा चुका होत्या आणि गाव त्याचे होते.

सांगायचे ते एवढेच की, यंत्र विकत घेतल्याने भाषा टिकत नाही. मुलाला आणि शिक्षकाला स्वतःचे बोलणे ऐकण्याची सवय लागली, तर हातातला फोनही पुरतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण खेड्यातल्या शाळेचा पट त्या दर्जाने वाढणार नाही. पालकाला आपले मूल चार माणसांत स्वच्छ बोलताना, न अडखळता वाचताना दिसले, तर तो मूल मराठी शाळेत ठेवील.

म्हणून सीमाभागातल्या शिक्षकबंधू-भगिनींना आमची विनंती आहे. या आठवड्यात आपल्या एका तासाची दहा मिनिटे मुद्रित करावीत आणि रात्री एकट्याने ऐकावीत. कुणाला दाखवू नयेत. त्यानंतर काय करायचे, ते ज्याचे त्याला कळेल. राहिली ती कपाटाची किल्ली. ती मुख्याध्यापकांच्या मेजाच्या खणात सापडली. संगणक सुरू झाला आहे, आणि सध्या त्यावर मुले 'किशोर'चे जुने अंक वाचत आहेत.